मदत हवी आहे : दाखला नाही म्हणून दोन मुलांचा शाळाप्रवेश अडला आहे

पाटीपेन्सिल : शेजारच्या आजींकडे त्यांची दोन नातवंडे कायमची राहायला आली आहेत. मुलांची आई वारली आणि वडिलांचा ठावठिकाणा नाही. जन्मदाखला आणि जुन्या शाळेचा दाखला आणल्याशिवाय मुख्याध्यापक अर्ज हातातही घेत नाहीत. वर्ग सुरू झाले आहेत. थोरली रोज सकाळी दप्तर भरून बसते आणि कधी जायचे ते विचारते. कोणाकडे जावे, ते कृपया लवकर सांगा.

मधली सुट्टी : मुलांची वये किती, आधी कितवीत होती आणि शाळा जिल्हा परिषदेची आहे की खासगी, हे कळल्याशिवाय नेमके काय सांगणार?

उंबरठा : खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून अर्ज भरा. माझ्या भाच्याला तसाच प्रवेश मिळाला.

कायदेसाक्षर : तो मार्ग फक्त सुरुवातीच्या वर्गासाठी आहे आणि त्याच्या ऑनलाइन अर्जाला मुदत असते, त्यामुळे मोठ्या मुलीला त्याचा उपयोग नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ पाहा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर होतो आहे एवढ्यावरून नव्या सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. आजींच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. पोच दिली नाही तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्या.

सावली : आजींचे वय झाले असेल. मुलांना बालगृहात ठेवले तर शिक्षणाची कायमची सोय होईल.

मधली सुट्टी : हे मला मुळीच पटत नाही. मायेचे माणूस सांभाळायला तयार असताना मुलांना संस्थेत का पाठवायचे? बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. त्यापेक्षा बालकल्याण समितीकडे जाऊन बालसंगोपन योजनेची चौकशी करा, म्हणजे मुले आजींकडेच राहतील आणि खर्चाला हातभार लागेल.

उंबरठा : अनाथांना एक टक्का आरक्षणही आहे.

मधली सुट्टी : ते पुढचे पुढे, आज वर्गात बसण्याचा प्रश्न आहे.

पाटीपेन्सिल : सर्वांचे आभार. थोरली दहा वर्षांची असून चौथी पूर्ण झाल्यावर वर्षभर घरीच होती, धाकट्याला सहा पूर्ण झाली आहेत. शाळा जिल्हा परिषदेची आहे. मुख्याध्यापक थोरलीला पुन्हा चौथीत बसवू म्हणतात.

कायदेसाक्षर : ते मान्य करू नका. कलम ४ नुसार तिला वयानुरूप वर्गात घ्यावे लागते आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क तिला आहे. धाकट्याचा पहिलीचा अर्ज त्याच वेळी द्या. थोरलीच्या जुन्या शाळेचे नाव माहीत असेल तर तेही अर्जात लिहा, कारण स्टुडंट पोर्टलवरून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी संकेतस्थळावरून, ट्रान्सफरची विनंती नवी शाळाच पाठवू शकते, त्यासाठी आजींना तिकडे हेलपाटे घालण्याची गरज नाही. ते नाव मिळेल का?