पियाझोलाच्या टँगोत जॅझ किती?
असं म्हटलं जातं की अर्जेंटिनाचा संगीतकार आस्तोर पियाझोला याने टँगोत, म्हणजे तिथल्या नृत्यसंगीतात, जॅझ मिसळला आणि ब्वेनोस आइरेसचे जुने रसिक बिथरले. बिथरले हे खरंच, पण मला त्यात जॅझपेक्षा जुना जर्मन संगीतकार बाख जास्त ऐकू येतो. १९५४ साली तो पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजेंकडे शिकायला गेला. टँगो वाजवतो हे सांगायचीही त्याला लाज वाटायची. त्याचा टँगो ऐकून बाईंनीच बजावलं की खरा पियाझोला हाच, हे सोडू नकोस.

त्याच्या १९६० च्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या संचात, बँडोनियन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य), व्हायोलिन, पियानो, डबल बास आणि इलेक्ट्रिक गिटार. गिटार जॅझकडची, पण सुरावटी बाखच्या फ्यूग या रचनाप्रकारासारख्या एकमेकींचा पाठलाग करतात. आणि तो ठेका! आठ मात्रांची विभागणी ३-३-२, टाळी देऊन बघा, लगेच अंगात भिनतो. ड्रम नाहीतच, व्हायोलिनवाला घोडीच्या (तारांखालच्या ब्रिजच्या) पलीकडे तारेवर गज घासून जी खरखर काढतो, तीच तालवाद्याचं काम करते.

जॅझच हवा असेल तर १९७४ चा जॅझ सॅक्सोफोनवादक जेरी मुलिगनसोबतचा अल्बम आहे. मला मात्र व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्या गॅरी बर्टनबरोबरची १९८६ ची स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोची मैफल कितीतरी सरस वाटते. व्हायब्राफोन आणि बँडोनियन इतके एकजीव होतील असं वाटलंच नव्हतं. जरूर ऐका.