विल्यम्स की स्वॉर्थमोर, ईडी (अर्ली डिसिजन, मिळालं तर जायचंच असा लवकरचा अर्ज) कुठे करावी? (लेकीच्या ॲडमिशनसाठी मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, लेकीचं ज्युनियर इयर (अकरावी) संपत आलंय, फॉलमध्ये अर्ज करायचेत. तिला छोटं लिबरल आर्ट्स कॉलेजच (सायन्स, आर्ट्स सगळं एकत्र शिकता येतं असं) हवंय, पहिल्याच वर्षी शेकडो जणांच्या लेक्चरला जाऊन बसायचं नाहीये. नवरा म्हणतो रटगर्सची (आमच्या राज्याची सरकारी युनिव्हर्सिटी) इनस्टेट फी सोडून दुपटीहून जास्त पैसे कशाला घालायचे, ऑनर्स कॉलेज मिळालं तर छोटे वर्ग तिथेही मिळतील. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

तिला फिजिक्स आवडतं, इंजिनिअरिंग अजून डोक्यातून गेलेलं नाही आणि इतिहासही सोडायचा नाहीये. म्हणून स्वॉर्थमोर, कारण एवढ्याशा कॉलेजात स्वतःचं इंजिनिअरिंग डिपार्टमेंट असणं दुर्मिळच. बाकी ठिकाणी थ्री-टू सांगतात, तीन वर्षं इथे मग दोन कोलंबिया वगैरेला, पण तीन वर्षांत जमलेले मित्रमैत्रिणी सोडून पाचव्या वर्षाची फी भरायला कोण जातं हो? शिवाय फिलाडेल्फियाच्या लोकलचं स्टेशन कॅम्पसला चिकटून आहे, आणि पहिल्या सेमिस्टरला ग्रेड धरत नाहीत, नुसतं पास की नापास.

हे सगळं ठरल्यासारखं होतं आणि मग विल्यम्स बघायला गेलो. तिथे ट्युटोरियल नावाचा प्रकार आहे, दोनच मुलं आणि एक प्रोफेसर, एका आठवड्यात एकीने पेपर लिहायचा, दुसरीने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. हे ऐकल्यापासून बाईसाहेब दुसरं काही बोलत नाहीत. पण विल्यम्सटाउन म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या पार कोपऱ्यातलं डोंगरातलं गाव, ट्रेन नाही, थंडीत काय करणार तिथे, आणि इंजिनिअरिंगही नाही. ॲमर्स्टपण आवडलंय, सक्तीचे विषय जवळपास नाहीतच आणि आजूबाजूच्या चार कॉलेजांत जाऊन वर्ग करता येतात, पण ते मनात तिसरं.

आता मुद्द्याचं. ईडी एका वेळी एकाच ठिकाणी करता येते आणि मिळालं की जायचंच. विल्यम्सची ईडी एकदाच, नोव्हेंबरात. स्वॉर्थमोरला जानेवारीच्या सुरुवातीला दुसरी फेरी असते. म्हणजे आधी विल्यम्स, नाही झालं तर स्वॉर्थमोर, असं जमतं. पण दोन्हीकडे वर्षाचा खर्च 85 हजार डॉलरच्या वर, मेरिटवर पैसे मिळतील ही आशा धरायची नाही, जी काय मदत ती उत्पन्न बघून. नवऱ्याचा छोटा बिझनेस आहे त्यामुळे नेट प्राइस कॅल्क्युलेटरच्या (मदत वजा जाता किती भरावे लागतील ते सांगणाऱ्या) आकड्यावर विश्वास नाही. त्यात नाशिकचा फ्लॅट, सासरे आणि नवरा दोघांच्या नावावर, राहतात सासूसासरे. तो सीएसएस प्रोफाइलमध्ये (कॉलेजकडे मदत मागताना भरायचा उत्पन्न-मालमत्तेचा फॉर्म) दाखवावा लागतो का? कोणी दाखवलाय?

आंबोळी: दाखवावाच लागतो ताई, देशाबाहेरची प्रॉपर्टीही त्यात येते, लपवायच्या भानगडीत पडू नका. नवऱ्याचा हिस्सा किती आणि तिथे कोण राहतं ते स्पष्टीकरणाच्या जागेत लिहा. त्याच्याही आधी दोन्ही कॉलेजच्या एड (आर्थिक मदतीच्या) ऑफिसला फोन करा, बिझनेसवाल्यांनी तर कराच, बरीच ऑफिसं टॅक्स रिटर्न बघून आधी अंदाज देतात. आणि एड पुरेशी नाही मिळाली तर ईडीतून सुटता येतं. फक्त मग दोन ऑफर शेजारी ठेवून घासाघीस करता येत नाही, हा खरा तोटा.

घाटमाथा: ईडीत प्रवेश मिळण्याचे टक्के बघून हुरळू नका. विल्यम्ससारख्या ठिकाणी ईडीत कोचने आधीच हेरलेले खेळाडू बरेच असतात, ते वजा केले की आकडा उतरतो. आमचा मुलगा स्वॉर्थमोरचा. ऑनर्स केलं तर शेवटी बाहेरच्या कॉलेजचे प्रोफेसर येऊन तोंडी परीक्षा घेतात, अभ्यास प्रचंड आहे, तक्रार करत करत पोरं तिथेच रमतात. माझ्या मते इंजिनिअरिंगचं मन पाच टक्के जरी असेल तर पहिली ईडी स्वॉर्थमोर. मेरिटचे पैसे हवे असतील तर ग्रिनेल कॉलेज यादीत घ्या, आयोवा म्हणून नाक मुरडू नका.

धागाकर्ती: दोघांचे आभार. घाटमाथा, तुमचं वाचून दाखवलं तर म्हणाली पाच टक्के कसे मोजायचे. फ्लॅटचं नवऱ्याला सांगितलं, तो गप्प आहे, फोन मीच करते सोमवारी. अजून एक, रेकमेंडेशन फिजिक्स आणि इतिहास अशा दोन टीचर्सचं घ्यावं की दोन्ही सायन्सची? सुट्टी लागायच्या आत विचारायला हवं.