टॉवेलच्या कारखान्याची वेबसाइट नेमकी कोणासाठी?

व्हॉट्सअ‍ॅप असताना कारखान्याला वेबसाइट कशाला, असं बरेच जण विचारतात. मला वाटतं हवीच, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिलेली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं, म्हणजे धाग्याचे फास असलेल्या टॉवेलचं, युनिट आहे. आधी आमच्या पहिल्या पानावर आजोबांचा फोटो आणि किती माग चालतात एवढंच होतं. फोनवर मात्र लोक विचारायचे, "जीएसएम किती? रंग जाईल का?" जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन.

मग तीच उत्तरं पानावर टाकली. ३० बाय ६० इंची, ५०० जीएसएमचा टॉवेल साधारण ५८० ग्रॅम भरतो. काट्यावर ठेवलेल्या टॉवेलचा फोटोच लावला. धुताना सॉफ्टनर घालू नका, टॉवेल पाणी कमी शोषतो. धाग्याचा फास निघाला तर ओढू नका, कात्रीने कापा. हॉटेलवाल्यांसाठी वेगळं पान केलं, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील ते लिहून.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तेही ठळक सांगा. बाहेर 'सोलापुरी' म्हणून काहीही खपवतात, फार वाईट वाटतं. आणि दर लपवू नका हो. घाऊक नाही तर निदान किरकोळ तरी द्या.