एडिसन, न्यू जर्सी: अँटेनावर चॅनेल ७, ११, १३ तुटतात, रेकॉर्डिंगसाठी काय घ्यावं?

एडिसनकर_टाउनहाउस

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला चपटा, कागदासारखा अँटेना चिकटवलाय. सोबत आलेला छोटा ॲम्प्लिफायरही जोडलाय. २, ४ आणि ५ अगदी स्वच्छ दिसतात. ७ आणि ११ मात्र चौकोन चौकोन होऊन अडकतात, १३ कधी येतो कधी नाही. संध्याकाळी त्रास जास्त. केबल बंद करून चार टीव्हींवर बघायचं आहे आणि रेकॉर्डिंगही हवं आहे. डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) कोणता घ्यावा? फिलाडेल्फियाचा ६ मिळाला तर सोन्याहून पिवळं.

तारवाला

डीव्हीआरचं नंतर बघू. सिग्नल तुटत असेल तर रेकॉर्डिंगही तुटकंच होणार, डबा कितीही महाग घ्या.

पडद्यावरच्या चॅनेल नंबरावर जाऊ नका, खरा आरएफ चॅनेल बघा, म्हणजे स्टेशन प्रत्यक्ष ज्या लहरींवर येतं तो. न्यूयॉर्कमध्ये २ हा आरएफ ३६ वर आहे, ४ आरएफ ३५ वर, ५ आरएफ २७ वर. तिन्ही यूएचएफ, म्हणजे आखूड लहरींचे. ७ मात्र खरोखरच ७ वर, ११ खरोखरच ११ वर आणि १३ आरएफ १२ वर. हे तिन्ही व्हीएचएफ, म्हणजे लांब लहरींचे. आरएफ ७ ची अर्धी तरंगलांबी साधारण ८५ सेंमी, म्हणजे ३३ इंच. आरएफ ३६ ची २५ सेंमी. अँटेना साधारण तेवढा लांब हवा. फूटभर रुंदीच्या चपट्या अँटेनात यूएचएफ मजेत बसतं, व्हीएचएफ जेमतेम. त्यात स्वस्त एलईडी दिवे आणि यूएसबी चार्जर नेमका व्हीएचएफमध्येच कचरा ओततात. संध्याकाळी दिवे लागले की ७ अडकतो तो यामुळे. एकेक दिवा बंद करून बघा, गुन्हेगार सापडेल.

तो ॲम्प्लिफायर आधी काढा. एडिसनपासून मॅनहॅटन जेमतेम २५ मैल, आणि बहुतेक ट्रान्समीटर एम्पायर स्टेट किंवा वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवर, म्हणजे चांगले उंचावर. इतक्या ताकदीच्या सिग्नलने, शिवाय जवळच्या मोबाइल टॉवरने, स्वस्त ॲम्प्लिफायर ओव्हरलोड होतो. सिग्नलचा आकडा वाढलेला दिसतो आणि चित्र बिघडतं.

अँटेना घ्यायचा तो हाय-व्हीएचएफ (आरएफ ७ ते १३) आणि यूएचएफ दोन्हीचा, लांब दांड्या असलेला छोटा यागी (एका दिशेला रोखायचा, आडव्या दांड्यांचा अँटेना), आरसीए ॲन्ट७५१ सारखा. ॲटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) ईशान्येकडे तोंड करून लावा. खरी दिशा साधारण ५७ अंश. चुंबकीय होकायंत्र वापरत असाल तर ७० च्या आसपास, कारण तिथे सुई १२-१३ अंश पश्चिमेला वळते. नेमकी दिशा रॅबिटइअर्सच्या साइटवर पत्ता आणि उंची टाकून काढा. छताच्या आतून चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन असेल तर ॲटिकचा नाद सोडा, सिग्नल आत येणारच नाही.

डिस्कभर

वर सांगितलंय ते झाल्यावर पुढचं.

चार टीव्हींसाठी चारपदरी स्प्लिटर लावू नका, प्रत्येक फाट्यावर सिग्नलचे ७ डेसिबल जातात. शंभर फूट आरजी६ केबलमध्ये यूएचएफचे आणखी सहाएक डेसिबल. त्यापेक्षा नेटवर्क ट्यूनर (अँटेनाचे चॅनेल पकडून घरच्या नेटवर्कवर देणारा डबा) घ्या. अँटेनाची एकच केबल ट्यूनरला, ट्यूनर इथरनेटने राउटरला, आणि टीव्ही सगळे घरच्या नेटवर्कवरून. ट्यूनर ॲटिकमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात शिजेल, राउटरशेजारी ठेवा.

दोन रस्ते आहेत. डोकं लावायचं नसेल तर चौथ्या पिढीचा, दोन ट्यूनरचा टॅब्लो हा तयार डीव्हीआर: आत १२८ जीबी, कार्यक्रमांच्या गाइडला वर्गणी नाही, बाहेरची यूएसबी डिस्क जोडता येते. पण दोनच ट्यूनर म्हणजे एका वेळी दोनच चॅनेल. चार टीव्हींच्या घरात भांडणं होणार. दुसरा रस्ता म्हणजे एचडीहोमरन फ्लेक्स क्वाट्रो हा नेटवर्क ट्यूनर (आत चार ट्यूनर) आणि वर चॅनल्स डीव्हीआर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, वर्षाला ८० डॉलर. ते जुन्या पीसीवर किंवा एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) चालतं आणि जाहिराती ओळखून वगळतं. मी हाच घेईन. तुमच्या टीव्हीवरच्या डब्यासाठी त्याचं ॲप आहे का, ते मात्र वर्गणी भरण्याआधी बघा.

जागा: एचडी रेकॉर्डिंग तासाला ५ ते ६ जीबी धरा. एका आरएफ चॅनेलची कमाल १९.३९ एमबीपीएस, म्हणजे तासाला ८.७ जीबीच्या वर काही केल्या जाणार नाही. २ टीबीत साधारण ३५० तास मावतात. हे मूळ एमपेग-२ (जुन्या पद्धतीचा, जड व्हिडिओ) असतं, त्यामुळे डीव्हीआरचा पीसी वायफायवर ठेवू नका. रविवारी फुटबॉल लांबलं की सीबीएसचं (चॅनेल २) पुढचं सगळं सरकतं, तिथे शेवटी एक तास जास्त लावून ठेवा.

अँटेना फिरवताना एचडीहोमरनचे तीन आकडे बघा: स्ट्रेंग्थ, क्वालिटी आणि सिम्बॉल क्वालिटी. स्ट्रेंग्थ ८० असो की ९०, फारसं बिघडत नाही. सिम्बॉल क्वालिटी (डेटा किती चुकांविना येतो ते) १०० वर ठाम हवी; ती ९५ वर आली तरी चित्र फुटतं. स्ट्रेंग्थ वाढली आणि क्वालिटी पडली तर ओव्हरलोड, नाहीतर भिंतींवरून उलटून येणारा सिग्नल.

एडिसनकर_टाउनहाउस

ॲटिकला फॉइल आहे. सोसायटी (एचओए) म्हणते बाहेर अँटेना चालणार नाही. आणि ६ चं काय?

तारवाला

एफसीसीचा (अमेरिकेच्या दळणवळण नियामकाचा) ओटार्ड नियम १९९६ पासून आहे. स्थानिक टीव्हीच्या अँटेनाला एचओए सरसकट बंदी घालू शकत नाही, पण जागा फक्त तुमच्या वापरातली हवी: तुमची बाल्कनी, तुमचा पॅटिओ. टाउनहाउसचं छत सामाईक असेल तर नियम मदतीला येत नाही. कागद काढून छत कोणाचं ते आधी बघा. बाहेर लावलात तर खांबाला १० गेज तांब्याची अर्थिंग, आणि केबल घरात शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक. दोन्ही घराच्या मुख्य अर्थिंगला जोडायचे, वेगळा दांडा ठोकून मोकळा सोडायचा नाही.

६ चा मोह आवरा. तो अजून खरोखर आरएफ ६ वर आहे, ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ. त्यासाठी जवळपास सहा फुटी दांडीचा अँटेना लागतो, ट्रान्समीटर ५५ मैलांवर, आणि नैऋत्येला, म्हणजे न्यूयॉर्कच्या बरोबर पाठीमागे. करायचंच तर वेगळा अँटेना आणि वेगळा ट्यूनर. दोन अँटेना एका केबलवर जोडले की एकमेकांचे चॅनेल खराब करतात. चॅनल्स डीव्हीआर दोन ट्यूनर एकत्र दाखवतं. आणि प्रिॲम्पमध्ये (अँटेनाजवळच्या ॲम्प्लिफायरमध्ये) एफएम ट्रॅप (एफएम रेडिओ गाळणारा फिल्टर) असेल तर बंद ठेवा, एफएम ८८ ला सुरू होतं, ट्रॅप ६ लाही सोबत कापतो.

डिस्कभर

एटीएससी ३.० साठी (टीव्ही प्रसारणाची नवी पद्धत) जास्त पैसे घालवू नका. त्यातले बरेच चॅनेल डीआरएमने (कॉपी-संरक्षणाने) कुलूपबंद आहेत, ते एचडीहोमरनवर लागत नाहीत. आत्ता जुनं १.० पुरेसं आहे.