स्थलांतराचे धोरण सुधारायचे तर सुरुवात कुठून करावी?

धोरणवाचक:
संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 19 डिसेंबर 2018 रोजी सुरक्षित, सुव्यवस्थित आणि नियमित स्थलांतरासाठीचा जागतिक करार 152 विरुद्ध 5 मतांनी स्वीकारला. त्यात 23 उद्दिष्टे आहेत, परंतु तो कोणत्याही देशावर कायद्याने बंधनकारक नाही. याउलट स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा 1990 चा करार मंजुरी देणाऱ्या देशांना बांधून घेतो, पण मोठ्या संख्येने कामगार बोलावणाऱ्या श्रीमंत देशांपैकी जवळजवळ कोणीच त्याला मंजुरी दिलेली नाही. अशा स्थितीत नवे कायदे आणि करार करण्यावर भर द्यावा, की आहेत त्यांच्या अंमलबजावणीवर? आणि कारभार खरोखर सुधारला, हे कशावरून ठरवावे?

मध्यममार्गी:
माझ्या मते कोणत्याही देशाचे धोरण तपासताना पहिला प्रश्न असा विचारावा की, स्थलांतरित कामगाराने मालकाविरुद्ध तक्रार केली तर त्याच्या वास्तव्य परवान्याचे काय होते. परवाना एकाच मालकाशी बांधलेला असेल, तर पगार थकला किंवा पासपोर्ट काढून घेतला गेला तरी कामगार गप्प बसतो, कारण नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही जातो. तक्रारच होत नाही, म्हणून कामगार निरीक्षकाच्या नोंदवहीत उल्लंघन दिसत नाही, आणि उल्लंघन दिसत नाही म्हणून मंत्रालयाच्या अहवालात सारे आलबेल असते. आखाती देशांतील कफाला पद्धतीवर, म्हणजे परदेशी कामगाराचे वास्तव्य मालकाच्या हमीवर अवलंबून ठेवणाऱ्या पद्धतीवर, मुख्य आक्षेप हाच होता. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि सर्वांना लागू होणारे किमान वेतन ठरवले, ते यामुळेच महत्त्वाचे होते. तरीही मालकाच्या हातात कामगाराला अडवण्याचे इतर मार्ग उरले, हेही नोंदवायला हवे.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. कामगार निरीक्षक, सरकारी दवाखाना आणि शाळा यांनी गोळा केलेली माहिती स्थलांतर पोलिसांकडे जाणार नाही, अशी कायदेशीर भिंत उभी करावी लागते. ती नसेल तर अनियमित स्थितीतील, म्हणजे वैध परवाना नसलेला, माणूस आजारपणातही सरकारी दारात येत नाही, आणि नुकसान केवळ त्याचे होत नाही. संसर्गजन्य रोगाच्या काळात ते सगळ्यांचेच होते.

भरतीअभ्यासक:
मध्यममार्गी यांचा पहिला मुद्दा मान्य आहे, पण त्यांनी साखळीची सुरुवात उशिरा धरली आहे. कामगार परदेशी पोहोचण्याआधीच दलालाच्या शुल्कापायी कर्जबाजारी झालेला असतो, आणि कर्ज फिटेपर्यंत त्याला मालक बदलण्याचा हक्क दिला तरी तो वापरण्याचे धाडस होत नाही. खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात, काही अपवादांची मुभा ठेवून, आलेले आहे. दक्षिण कोरियाने 2004 पासून रोजगार परवाना योजना सुरू करून सरकार-ते-सरकार भरतीचा मार्ग काढला आणि दलालांना बऱ्याच अंशी बाजूला सारले. गंमत अशी की, त्याच योजनेत कामाची जागा बदलण्यावर मात्र कडक मर्यादा ठेवल्या गेल्या. म्हणजे एका टोकाची गाठ सोडवून दुसऱ्या टोकाला तशीच गाठ मारली गेली.

नगररचनाकार:
परवाने देणारे केंद्र सरकार असते, पण घर, पाणी आणि शाळेतील प्रवेश यांचा भार शहरांवर येतो, आणि धोरण ठरवताना शहरांना क्वचितच विचारले जाते. शिवाय माणसे आधीच आलेली असतील, तर त्यांना नोंदणीत आणणे हाच कारभाराचा पाया ठरतो. कोलंबियाने 2021 मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षांचे तात्पुरते संरक्षण देऊ केले, त्यामागे मानवतेइतकेच हे व्यवहारी गणितही होते.

धोरणवाचक:
मग मोजमाप कसे करावे? आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचे निर्देशांक मुख्यतः कायदे आणि संस्था अस्तित्वात आहेत का, हे पाहतात.

मध्यममार्गी:
ते निर्देशांक निरुपयोगी नाहीत. धोरणातील उणिवा त्यांतून दिसतात. मात्र त्यांच्या जोडीला तीन आकडे प्रसिद्ध व्हावेत असे मला वाटते: भरतीसाठी कामगाराने मोजलेली रक्कम पगाराच्या किती महिन्यांइतकी होती, तक्रारींपैकी किती प्रकरणांत थकीत पगार प्रत्यक्ष हातात पडला, आणि तक्रारीनंतर किती जणांचा परवाना टिकला. यातील पहिला आकडा शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशकांत आधीच आहे. उरलेले दोन बहुतेक ठिकाणी कोणी मागतच नाही. आणि सुधारणा लागू झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत तक्रारींची संख्या वाढली, तर ते अपयश समजून योजना गुंडाळू नये, कारण आधी दबलेल्या तक्रारीच तेव्हा नोंदीत येऊ लागलेल्या असू शकतात.