आधी पेन्शन, मग श्रीमंती: मॉरिशसचं चुकलं का?

नदीकाठ

मॉरिशस सरकारने जून 2025 च्या अर्थसंकल्पात वृद्धांच्या पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने 60 वरून 65 वर नेण्याचं जाहीर केलं आणि तिथे लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे त्यावर 'फुकट वाटलं की शेवटी हेच होतं' असा सूर ऐकू येतोय. मला तो मुळातच चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा.

देश केवढा, तर साधारण 2,040 चौरस किलोमीटर. गोव्याच्या निम्म्याहून किंचित मोठा, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. 1961 मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने (1977 चे नोबेल विजेते) या बेटाचा अभ्यास करून फार निराशाजनक भविष्य मांडलं होतं. सगळा कारभार उसावर, हिवताप आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या भराभर वाढणारी, रोजगार नाही, त्यात वेगवेगळ्या वंशांचे आणि धर्मांचे लोक एकमेकांकडे संशयाने पाहणारे. अशा ठिकाणी शांततेत प्रगती होणं अवघड, असं त्यांचं मत होतं.

पण त्याच बेटावर 1958 मध्ये वृद्धांच्या पेन्शनसाठीची उत्पन्नाची अट काढून टाकली गेली होती. ठरलेलं वय झालं की पेन्शन, बस्स. तेव्हा मॉरिशस स्वतंत्रसुद्धा नव्हता, श्रीमंत तर नव्हताच. स्वातंत्र्य 1968 ला मिळालं, आणि 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. सरकारी दवाखान्यात आजही पैसे द्यावे लागत नाहीत. 2005 पासून विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना बस मोफत आहे. कायमचं सैन्य ठेवलेलं नाही, तो खर्च वाचतो. 'आधी कमवा, मग वाटा' हे आपण इतक्या खात्रीने म्हणतो, पण या बेटाने वाटणं आणि कमावणं एकाच वेळी सुरू केलं आणि ते आफ्रिकेतल्या सर्वांत सुस्थितीतल्या देशांत जाऊन बसलं.

आपल्याकडची श्रावणबाळ योजना बघा. वय 65 हवं, वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा, आणि मग मिळणार महिना 1,500 रुपये. गरिबीचा पुरावा द्यावा न लागता म्हातारपण काढता येणं, हा माझ्या लेखी जीवनमानाचा पहिला निकष आहे. दरडोई उत्पन्न त्यानंतर.

हिशेबनीस

लेख मनापासून लिहिलाय, पण पैसा कुठून आला हे तुम्ही गाळलंत. साखरेतून आला. सत्तरच्या दशकात साखरेवर निर्यात कर होता आणि कल्याणकारी खर्चाला तो मोठा आधार होता. 1975 च्या लोमे करारानुसार युरोपने मॉरिशसची दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर हमी भावाने घ्यायचं कबूल केलं. हा भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा बराच वर होता. पुढे कापड उद्योगालाही कोट्यांचा, म्हणजे श्रीमंत देशांनी कोणाकडून किती कापड घ्यायचं याच्या ठरवलेल्या मर्यादांचा, फायदा मिळाला. हाँगकाँगचे कारखानदार तिथे आले ते हवापाण्यासाठी नाही, स्वतःच्या देशाचा कोटा संपत होता म्हणून.

कापडाचे कोटे 2005 च्या सुरुवातीला गेले. साखरेचा हमी भाव 2006 नंतर 36 टक्क्यांनी उतरला आणि 2009 मध्ये साखर खरेदीचा तो करारच संपला. उत्पन्नाचे दोन जुने झरे आटले, पेन्शन मात्र वाढतच राहिली. 2019 च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी ती लगेच 9,000 आणि पाच वर्षांत 13,500 मॉरिशस रुपये करण्याचं आश्वासन दिलं. तिथला जन्मदर बाईमागे 1.4 च्या आसपास आला आहे, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या घरात. निवडणुकीत पेन्शन इतकी वाढवण्याची बोली लागते तेव्हा ती 1958 वाली पेन्शन राहत नाही.

नदीकाठ

@हिशेबनीस, साखरेचा मुद्दा मान्य. पण तोच हमी भाव फिजी, गयाना, जमैका यांनाही मिळत होता. त्यांचा कोटा लहान होता हे खरं, तरी पैसा आला म्हणून आपोआप शाळा आणि दवाखाने उभे राहत नाहीत, हे त्या यादीकडे पाहून कळतं. मॉरिशसमध्ये सरकारं मतपेटीतून बदलत राहिली. 1982, 1995 आणि 2024 मध्ये तर मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. सत्तेत बसलेल्याला म्हाताऱ्यांची भीती वाटते, हे मी चांगलंच लक्षण समजतो. निवडणुकीतली बोली वाईट होती, पण तिचं खापर मूळ योजनेवर फोडू नका.

एबेनहून

मी इथे मॉरिशसमध्ये, एबेनला नोकरी करतो. दोघांचंही वाचलं आणि दोघांनीही जमिनीबद्दल एक अक्षर काढलं नाही याचं वाईट वाटलं. या देशातली गरिबी पेन्शनच्या तक्त्यात दिसत नाही. ती बघायला सितेमध्ये जावं लागतं.

सिते म्हणजे सरकारी वसाहती. 1960 च्या कॅरोल चक्रीवादळात हजारो घरं उडाली, त्यानंतर अशा वसाहती मोठ्या प्रमाणावर बांधल्या गेल्या. तिथे राहणारे बरेचसे क्रिओल, म्हणजे गुलामांचे वंशज. 1835 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने 20 लाख पौंडांहून जास्त भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना काहीच नाही. नंतर गिरमिटावर आलेल्या भारतीयांनी काही पिढ्यांत मळेवाल्यांकडून तुकड्या-तुकड्याने जमीन विकत घेतली, मुलांना शिकवलं, सरकारी नोकऱ्यांत शिरले. आपले मराठी लोकही त्यातलेच, कास्काव्हेल आणि व्हाक्वाच्या बाजूला अजून गणपती दणक्यात होतो आणि देशाला त्या दिवशी सुट्टी असते. मोठे मळे मात्र फ्रेंच वंशाच्या मोजक्या घराण्यांकडेच राहिले. क्रिओल माणसाच्या हाती ना जमीन आली ना कचेरी.

फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा सेगे (तिथलं सेगा संगीत आणि रेगे यांचं मिश्रण) गाणारा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देश काही दिवस पेटला. आफ्रिकेचं आदर्श उदाहरण म्हणून जगभर कौतुक चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. शाळा मोफत आहे, खरं आहे. पण शाळा सुटल्यावर बहुतेक मुलं खाजगी शिकवणीला जातात आणि तिचे पैसे लागतात. ज्याच्या घरी ते नाहीत, तो मुलगा प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेतच मागे पडतो. मोफत शिक्षणाने जी दरी बुजायची, ती शिकवणी पुन्हा खणते.

आणि कापड गिरण्यांत आता कोण काम करतं? बांगलादेशी, मादागास्करचे, भारतीय. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, करार संपला की परत. त्यांच्या घामावर निर्यात चालते आणि या पेन्शनशी त्यांचा काही संबंध नाही. 'देशातलं जीवनमान' मोजताना ही माणसं कुठल्या रकान्यात धरायची?

आबोली_म्हापसा

एबेनहून यांच्या जमिनीच्या मुद्द्याला जोडून. परदेशी श्रीमंतांना समुद्राकाठी बंगले विकण्याची योजना मॉरिशसने 2002 पासून सुरू केली ना? ब्लॅक रिव्हर, तामारिंकडे त्यामुळे भाव कुठे गेले असतील याची मला कल्पना करावी लागत नाही, आमच्याकडे दिल्लीचा पैसा तेच करतोय. पेन्शन भरपूर आणि गावात मुलाला घर बांधायला जागा नाही, अशा म्हातारपणाला मी सुखाचं म्हणणार नाही.

सुभाषकाका

महसूल खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, निराधार योजनांची प्रकरणं हाताखालून गेली आहेत. दाखल्याबद्दल लिहितो, कारण हिशेबनीस यांच्यासारखी माणसं 'गरजूंनाच द्या' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर स्वच्छ यादी असते. ती कधीच नसते.

वार्षिक 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात कोणी जगत नाही, हे अर्ज लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि सही करणाऱ्यालाही. म्हणजे पहिल्याच कागदावर खोटं लिहायला लावायचं. मुलगा कमावता असेल तर अडचण, मग तो विचारत नसला तरी. वयाचा पुरावा नसतो, आधारवर जन्मतारीख अंदाजे टाकलेली असते. मग समितीची बैठक कधी होईल तेव्हा होईल. ज्या बाईला खरी गरज आहे तिला चार चकरा मारायचं बळ नसतं, आणि ज्याची ओळख आहे त्याचं नाव यादीत असतं. सरसकट पेन्शनमध्ये श्रीमंताला चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. ते आयकरातून परत घेता येतात. सुटलेली म्हातारी परत आणता येत नाही.

हिशेबनीस

काका, तुमचा अनुभव मी खोडून काढत नाही. पण आयकरातून परत घ्यायचं हे बोलायला सोपं आहे. फ्लोरेआलमधल्या बंगल्यात राहणाऱ्या मळेवाल्याला आणि सितेमधल्या विधवेला एकच रक्कम, हे 2004 मध्ये तिथल्याच सरकारला पटेना. त्यांनी उत्पन्नाची अट परत आणली, 2005 ची निवडणूक हरले आणि नव्या सरकारने अट काढून टाकली. दुरुस्ती करणाऱ्याला लोक घरी बसवतात हे त्यानंतर सगळ्यांनी लक्षात ठेवलं. वीस वर्षं कोणी हात लावला नाही, म्हणून 2025 मध्ये एकदम 65 चा घाव घालावा लागला.

'पुरुषांचं आयुर्मान सत्तरीच्या आसपास, मग 65 ला पेन्शन म्हणजे थट्टा' असंही ऐकलं. तो आकडा जन्मावेळचा आहे. साठीपर्यंत पोचलेला माणूस तिथे सरासरी आणखी पंधरा वर्षांहून जास्त जगतो.

नदीकाठ

सरासरी कोणाची? पाच प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह असलेला देश आहे. ऑफिसातला माणूस 64 व्या वर्षी काम करू शकतो. ऊस तोडलेला, बंदरावर ओझी वाहिलेला, पाय गमावलेला माणूस ती पाच वर्षं कशी काढेल? वय वाढवायचंच तर कष्टाची कामं वेगळी काढा. आणि मळ्यांवर, किनाऱ्यावरच्या बंगल्यांवर कर लावा, मग म्हाताऱ्यांकडे या. उलटा क्रम मला मान्य नाही.

एबेनहून

विरोध वाढल्यावर सरकारने कमी उत्पन्न असलेल्यांना मधल्या वर्षांत मदत द्यायचं मान्य केलं आहे. म्हणजे 60 ते 65 पुरता उत्पन्नाचा पुरावा परत आलाच. सुभाषकाकांनी लिहिलेलं सगळं इथेही होणार, आणि आधी अडखळणार ते सितेमधलेच. क्रिओल बायका घरकाम करतात, हातावर पगार घेतात, कागद कुठून आणणार? माझं मालकांवर कर लावण्याबद्दल नदीकाठ यांच्याशी एकमत आहे, फक्त तो पैसा पेन्शनमध्ये घालण्याआधी सितेमधल्या शाळांत घालावा असं वाटतं. तिथली मुलं शिकली नाहीत तर पुढच्या पेन्शनचा कर भरणार कोण?

नदीकाठ

शाळा आधी की पेन्शन आधी, यावर मी तुमच्याशी सहमत नाही. सितेमधल्या घरात बऱ्याचदा आजीच्या पेन्शनवरच नातवाची शिकवणी चालत असणार. ती 60 ऐवजी 65 ला सुरू झाली तर त्या पाच वर्षांत तो मुलगा शाळेतून बाहेर पडलेला असेल.