मदत हवी आहे : 'ॲग्नेस ऑफ गॉड' मराठीत आणताना

नमस्कार मंडळी. जॉन पिल्मायर यांच्या या नाटकाचं मराठी अभिवाचन आम्ही तिघी पुण्यात बसवतोय. १९८५ चा नॉर्मन ज्युइसन यांचा चित्रपट यावरचाच. पात्रं तीनच: कोवळी नन ॲग्नेस, मठाच्या मदर आणि कोर्टानं नेमलेली मानसोपचारतज्ज्ञ. मठात नवजात बाळ मेलेलं सापडलंय, आणि ॲग्नेसला काही म्हणजे काही आठवत नाही.

अडलंय शीर्षकापाशी. लॅटिनमध्ये 'आग्नुस' म्हणजे कोकरू. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, 'आग्नुस देई' (देवाचं कोकरू) म्हणतात, आणि 'ॲग्नेस' नावात तेच ऐकू येतं. मराठी बायबलात 'देवाचा कोकरा' आहे, पण त्यात मुलीचं नावच हरवतं. काय करावं?

'मदर सुपीरियर'ला 'मठाधिपती' म्हटलं की डोळ्यांसमोर भगवी कफनी येते. 'धर्मभगिनी' हा शब्द कानाला गोड लागतो, पण पुण्यातल्या मराठी कॅथलिक घरांत बोलताना काय म्हणतात? आणि 'कन्फेशन'ला?

कुणा सिस्टरांशी तासभर बोलता आलं तर फार बरं होईल. त्यांच्या श्रद्धेला आमच्या अज्ञानामुळे धक्का लागू नये, एवढीच काळजी आहे. रविवार सकाळ सोडून कधीही पुण्याच्या कॅम्प भागात येऊ.